भिंतीवरचा हात

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज बैठकीत चित्रकाराशी कडाडून भांडले. भांडण इथे नोंदवून ठेवते, कारण उद्या तो म्हणेल की असं काही झालंच नव्हतं. कलावंत आपली स्मरणशक्ती रंगासारखी वापरतात, हवी तेवढी पातळ करून.

टायरवाल्याने गोदामाची बाजूची अख्खी भिंत आम्हाला रंगवायला दिली आहे. लोकांचा माणूस आहे. समोरच्या लाँड्रीचं साबणाचं पाणी त्याच्या दारात तुंबतं, म्हणून त्याचं आणि लाँड्रीच्या मालकाचं वाकडं आहे, असं चित्रकार म्हणतो. असेल. अंगाला चटका बसल्याशिवाय कोण जागं होतं?

ती लाँड्री म्हणजे वाफेची भट्टी आहे. शहरातल्या दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जातात. ओल्या चादरीचं टोक दोघी बायका दोन बाजूंनी धरतात आणि इस्त्रीच्या तापलेल्या रोलरमध्ये सरकवतात. चादरीबरोबर बोट आत ओढलं जाऊ लागलं तर यंत्र जागच्या जागी थांबवणारी एक दांडी मिळते. साधी लोखंडी दांडी. मालक ती बसवत नाही, कारण दांडी बसवली की रोलर हळू चालवावा लागतो. बोट सापडलं की सुपरवायझर कानात सांगतो, घरी दारात चेमटलं म्हण, औषधपाण्याचं आम्ही बघतो. औषधपाणी म्हणजे एक पट्टी.

आणि या सगळ्यावर चित्रकाराला काय सुचावं? पक्षी. चादरीतून आकाशात उडणारा पांढरा पक्षी. मी विचारलं, पक्ष्याला बोटं असतात का? खारूताई खो खो हसली. ही आमची परांच्यांवर चढणारी पोर, दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि सुटी मिळाली की तिसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर एका हाताने लोंबकळून रंगवते, म्हणून तिचं हे नाव.

मी म्हटलं, चेहरे काढा. रोलरवर काम करणाऱ्या बायकांचे, भिंतभर. चित्रकार म्हणाला, चेहरे काढले की बायका ओळखू येतील आणि पहिल्या त्यांच्याच नोकऱ्या जातील. हे मला पटलं, आणि मला पटलेलं मान्य करायला मी कधीच लाजत नाही. मग मीच म्हटलं, हात काढू. हाताला नाव नसतं. दोन मजले उंच हात, चादर धरलेला. तिथेच ठरलं.

निघताना चित्रकाराने विचारलं, लाँड्रीतल्या बायकांना विचारायचं का? आमच्या 'उघडी भिंत' गटाचा एक नियम आहे आणि तो मी घालून दिला आहे: ज्याच्या खिडकीतून भिंत दिसते, त्याला मत. आधी त्यांची बैठक, मग रंग. बाकीचे गट चोरासारखे येतात, रंगवतात आणि पसार होतात. लोकशाहीवर पुस्तकं वाचणारे पुष्कळ आहेत, आम्ही ती गल्लीत राबवतो. लाँड्रीला त्या बाजूने खिडकीच नाही, छताखाली नुसते झरोके. आज बायकांसाठी नियम वाकवला तर उद्या मालक येईल की, माझं फाटक समोर आहे, मलाही मत द्या.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

धाकटीच्या हाताचे फोटो काढले.

धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. आई गेल्यापासून या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. ती सात वर्षं त्याच लाँड्रीत रोलरवर आहे. घर तिच्या पगारावर चालतं. हे ती बोलून दाखवत नाही आणि मीही नाकारत नाही. माझी मुद्रितं तपासण्याची कामं कधी येतात कधी नाहीत, आणि भाषणाचं मानधन घेणं मला आयुष्यात जमलं नाही.

तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं, अंगठी घालायचं बोट दोन वर्षांपूर्वी रोलरमध्ये गेलं. मधल्या पेरात वाकडं जुळलं. मनगटावर भाजल्याचा चंद्रकोरीसारखा डाग. आजवर किती छायाचित्रं पाहिली, किती ग्रंथ वाचले, पण एवढं सगळं एका नजरेत सांगणारा हात मी पाहिलेला नाही.

ती म्हणाली, माझा नको, दुसऱ्या कुणाचा घे. एक एप्रिलपासून तिला चादरींच्या घड्या घालायच्या विभागात घ्यायचं सुपरवायझरने कबूल केलं आहे. बसून काम, वाफ नाही, रोलर नाही. तोवर कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही, असं तिने ठरवलं आहे. मी तिला समजावलं की हे लोक वर्षानुवर्षं असंच गाजर दाखवत आले आहेत, आणि हाताला नाव नसतं, कोण ओळखणार? ती भांडी घासत होती. काही बोलली नाही. मी फोटो काढले. म्हणजे पटलं असावं.

रविवार, ९ फेब्रुवारी

खिडकीवाल्यांची बैठक झाली. शिंप्याने विचारलं, चित्र सभ्य असेल ना, माझ्याकडे बायका मापं द्यायला येतात. निवृत्त स्टेशनमास्तरांना हाताशेजारी एक घड्याळ हवं होतं, म्हणजे त्यांना चष्मा न लावता वेळ कळली असती. गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या बाईंनी एकच अट घातली, रंगाचा वास रियाजाच्या वेळी नको. मग मी बोलले. बोलत गेले तसे ते गप्प होत गेले, आणि शेवटी शिंपी डोळे पुसत होता. एकमताने मंजूर.

खारूताई म्हणते, शिंप्याचे डोळे नेहमीच पाणावलेले असतात, चष्म्याचा नंबर वाढला आहे. खार असती तर बरी असती, तिला निदान बोलता आलं नसतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काम जोरात. दोरीला खडू फासून दोन टोकांनी ताणायची आणि मधे धरून झटकन सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. अशा आडव्या-उभ्या रेघांचे चौकोन, आणि फोटोवरही तेवढेच चौकोन. मग एकेक चौकोन मोठा करत जायचं. मी खाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलते. कोणीतरी बोललंच पाहिजे, नाहीतर लोकांना वाटतं साबणाची जाहिरात आहे.

त्या बोटाच्या चौकोनापाशी चित्रकार थांबला. खाली उतरून त्याने मला विचारलं, हा हात कुणाचा? मी म्हटलं, कामगाराचा. तो म्हणाला, बोट सरळ काढू का? मी म्हटलं, मग राहिलं काय? ते बोटच तर चित्र आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

पूर्ण. दोन मजले उंच हात, आणि त्याच्या मुठीतून खाली वाहणारी चादर. फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर येतो. आज मी अशी बोलले की माझं मलाच नवल वाटलं. एका वृत्तपत्राचा माणूस येऊन फोटो घेऊन गेला.

धाकटी आली नाही. रविवारची अर्धी पाळी संपवून मागच्या गल्लीने घरी गेली. भारावून गेली असेल, तिला गर्दी सोसत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

माझ्या अंगाचा तिळपापड होतो आहे. धाकटीने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी सुपरवायझरने रोलरवरच्या सगळ्या बायकांना बाहेर काढलं. फाटकाच्या आतल्या पटांगणात, भिंतीच्या बरोबर समोर, रांगेत उभं केलं. हात पुढे करायला सांगितले, पालथे. मग तो मागे वळून भिंतीकडे बघायचा, पुन्हा हातांकडे बघायचा आणि एकेक पाऊल पुढे सरकायचा. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, साहेब, शाळेत नखं तपासायचे तसं तपासताय होय, माझी कापलेली आहेत. कोणी हसलं नाही. धाकटी रांगेत शेवटून दुसरी होती. तो अजून अर्ध्या रांगेतच असताना ही पुढे आली आणि म्हणाली, माझा आहे.

मी ओरडलेच. कबूल का केलंस? म्हणायचं ना, माझा नाही. सगळ्यांनी म्हणायचं होतं, आमचा सगळ्यांचा आहे! केवढी संधी होती. इतिहास अशाच क्षणांनी घडतो.

ती म्हणाली, "सगळ्या उन्हात उभ्या होत्या गं. म्हातारीला चक्कर येत होती."

सात वर्षं त्या भट्टीत काढली आणि ही उन्हाचं कारण सांगते. गुलामगिरी हाडात शिरते ती अशी.

बुधवार, १९ फेब्रुवारी

वृत्तपत्रात फोटो आला आणि वारूळ फुटलं. पुढच्या मंगळवारी कारखाना निरीक्षक तपासणीला येणार आहे. भिंत बोलू लागली की सरकारलाही ऐकू येतं!

सुपरवायझरने धाकटीला बोलावून घेतलं. निरीक्षक विचारेल तेव्हा बोट घरी दारात चेमटलं असं सांगायचं, की एप्रिलची वाट न बघता लगेच घड्यांचा विभाग. नाही सांगितलं तर घरी बसायचं.

आज जेवताना तिने माझ्याकडे एक मागणं मागितलं. आठवत नाही याआधी कधी मागितलं असेल. म्हणाली, मंगळवारच्या आधी भिंतीवरचं बोट सरळ करून घे. बोट सरळ असलं तर तो हात कुणाचाही, निरीक्षक भिंतीकडे बघून मला शोधणार नाही, मला काही विचारणारच नाही. मग खोटंही बोलावं लागणार नाही आणि कामही राहील. बाकी चित्र राहू दे, छान आहे.

छान आहे! मी ताटावरून उठले. ज्या बोटाने मालकाची झोप उडवली, ते मालकाच्याच सोयीसाठी सरळ करायचं? मी तिला सांगितलं, आज बोट सरळ करू, उद्या कणा वाकवू. ती माझं ताट झाकून ठेवायला उठली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

चित्रकाराच्या गॅरेजात बैठक. खिडकीवाल्यांनाही बोलावलं होतं, नियम म्हणजे नियम. धाकटी कामावरून परस्पर आली आणि शटरपाशी पालथ्या बादलीवर बसली. तिने दोन वाक्यांत मागणं सांगितलं आणि थांबली. तिला बोलता येत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून तिची बाजूही मीच नीट मांडली आणि मग तिचं खंडन केलं. यापेक्षा न्याय्य वागणं मला माहीत नाही.

चित्रकार म्हणाला, दोन तासांचं काम आहे, एका बोटाने चळवळ बुडत नाही. खारूताई तर हट्टालाच पेटली. तिचा हात, तिचा शब्द, एवढंच पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, हात तिचा असेल, भिंत लोकांची आहे. भिंतीवर जे उमटलं ते कुणा एकीचं राहत नाही. आणि धाकटीला मत नाही, कारण तिच्या खिडकीतून ती भिंत दिसत नाही.

खारूताई म्हणाली, "ताई, तुमचीही तीच खिडकी ना? तुम्हाला तरी कुठे दिसते?"

मी म्हटलं, मी मत देत नाही. मी बोलते.

आणि मग मी बोलले. ज्या बायकांची बोटं गेली त्या प्रत्येकीच्या वतीने बोलले. उद्या ज्यांची जातील त्यांच्याही वतीने. शटर थरथरत होतं. शिंपी, बाई, सगळ्यांनी वाकड्या बोटाच्या बाजूने हात वर केले. स्टेशनमास्तरही. त्यांचं म्हणणं, आता मला त्या बोटाची सवय झाली आहे, सकाळचा चहा त्याच्याकडे बघत घेतो.

वळून पाहिलं तर बादली रिकामी होती. धाकटी मतदानाआधीच निघून गेली होती. तिला मत नव्हतंच म्हणा, थांबून तरी काय करणार? तरी मला राग आला. माझं भाषण तरी पूर्ण ऐकायचं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

हे लिहिताना अजून घसा दुखतो आहे.

सकाळपासून भोंगा घेऊन भिंतीखाली उभी होते. बघ्यांची गर्दी जमली होती. निरीक्षक आला, आत जाऊन आला, मग पटांगणात उभा राहून त्याने भिंतीकडे बोट केलं आणि सुपरवायझरला काही विचारलं. धाकटीला बाहेर आणलं. फाटकाच्या गजांतून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. निरीक्षक सभ्य माणूस वाटला. त्याने तिचा हात हातात न घेता, नुसतं बघून विचारलं, बाई, हे कसं झालं?

ती म्हणाली, घरी, दारात.

मी कशी गप्प बसू? माझ्या घरचं दार! त्या दाराने कुणाचं बोट तोडलेलं नाही. मी भोंगा तोंडाला लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "ती खोटं बोलते आहे. मी तिची सख्खी बहीण आहे. दार माझं आहे, बोट तुमच्या रोलरने खाल्लं आहे."

निरीक्षक फाटकाशी आला. त्याने माझा जबाब घेतला. दवाखान्याचं नाव विचारलं, जखम कोणत्या दिवशीची ते विचारलं. मला सगळं तोंडपाठ होतं. गर्दीने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजत असताना धाकटी पटांगणात तशीच उभी होती. तिने तो हात दुसऱ्या हाताने झाकून घेतला होता. पण बाई, आता झाकून काय उपयोग? जे जगाला दाखवलं ते दाखवलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

विजय. लाँड्रीतल्या प्रत्येक रोलरला दांडी बसवायचा हुकूम काल झाला आणि आज लोहार आत गेलेसुद्धा. सात वर्षं जे अर्ज-विनंत्यांनी झालं नाही, ते एका भिंतीने केलं.

काल, हुकूम आला त्याच दिवशी, नीचपणाही झाला. धाकटीला कामावरून काढलं. कारण काय, तर निरीक्षकाला खोटी माहिती दिली! जे खोटं त्यांनीच पढवलं, त्याच खोट्यासाठी. निर्लज्जपणाला काही तळ असतो की नाही? मी रात्रभर मालकाविरुद्धच्या भाषणाचं टिपण केलं. सकाळी धाकटीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, चांगलं झालंय. आणि आमच्या खोलीतल्या चादरी धुवायला घेतल्या. आज सुटी असल्यासारखी.

ती माझ्याशी बोलत नाही असं नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर देते.

सोमवार, १० मार्च

तिला काम मिळत नाही. शहरात आणखी तीन लाँड्र्या आहेत. पहिल्या दोन ठिकाणी फाटकावरच्या माणसाने आधी हात दाखवायला सांगितला. एकाने तर मोबाइलवरचा भिंतीचा फोटो काढून शेजारी धरला आणि आतल्या माणसाला हाक मारली, अरे ये, भिंतीवरची बाई आली बघ. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, तिच्याबरोबर फोटो काढून घेतला आणि परत पाठवलं.

या भेकडांची यादी करून त्यांच्याही भिंती रंगवायला हव्यात, असं मी म्हटलं. चित्रकाराने फोनवर हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, कुणाचे हात घेणार, ताई?

शुक्रवार, १४ मार्च

फितुरी. दुसरा शब्द नाही.

दुपारी टायरवाल्याने फोन केला. धावत गेले. लाँड्रीतल्या बायका जेवणाच्या सुटीत बाहेर आल्या होत्या आणि भिंतीला पांढरा रंग देत होत्या. शिडीवर खारूताई! खाली चित्रकार स्वतः बादलीत रंग कालवत होता, पातळ झाला तर ओघळेल म्हणून त्यांना समजावत होता. बोट गेलं होतं. मनगट अर्धं उरलं होतं.

मी मध्ये उभी राहिले. त्यांना सांगितलं की आज तुमच्या रोलरला दांडी आहे ती या हातामुळे आहे, आणि तुम्ही तोच हात पुसता? मी सांगितलं की तुम्हाला घाबरवलं आहे, तुम्हाला विकत घेतलं आहे. अंगात होतं नव्हतं ते सगळं ओतून बोलले. त्या ऐकत होत्या असं वाटलं, कारण सगळ्या थांबल्या होत्या. मग ती म्हातारी पुढे आली. तिच्या हातात ब्रश होता.

"ताई, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "शिंतोडे उडतील साडीवर."

आणि सगळ्या पुन्हा कामाला लागल्या.

मी नियमावर बोट ठेवलं. खिडकीवाल्यांना विचारलंत का? चित्रकार म्हणाला, विचारलं. या बायका आठवडाभर घरोघर फिरल्या. शिंपी हो म्हणाला, गाण्याच्या बाई हो म्हणाल्या, स्टेशनमास्तरांनी तर आपली शिडी दिली. त्यांना फक्त कुणी जाऊन सांगायला हवं होतं, त्या हाताच्या बाईचं पुढे काय झालं ते.

घरी येऊन धाकटीला सांगितलं. वाटलं होतं, हिला तरी चीड येईल. ती म्हणाली, माहीत आहे. मीच त्यांना सांगितलं होतं. असं दारोदार हात बघून हाकलतात म्हटल्यावर त्याच म्हणाल्या, आधी ती भिंत पुसू.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

तिने थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, "तू बोलली असतीस."

सोमवार, १७ मार्च

भिंत पुसून काही फरक पडलेला नाही. फोटो सगळ्यांच्या खिशात आहे. घरात धान्याचा डबा खरवडायची वेळ आली आहे आणि मुद्रितांचं काम महिनाभर आलेलं नाही.

काल संध्याकाळी धाकटी म्हणाली, ताई, आता मी घरी बसते, तू जा. मला वाटलं थट्टा करते आहे. तिने थट्टा केल्याला किती वर्षं झाली ते आठवू लागले. पण ती थट्टा नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला ती तिसरी, हॉटेलांची लाँड्री आहे, तिथे बायका हव्या आहेत. माझे हात कुणी पाहिलेले नाहीत.

मी म्हटलं, मी? त्यांच्या दारात? ज्यांच्याविरुद्ध आयुष्यभर बोलले त्यांच्या? ती म्हणाली, मग मी काय वेगळ्यांच्या दारात जात होते?

मी संतापून दोन तास बाहेर फिरून आले. आले तेव्हा तिने टेबलाच्या कडेवर ओली चादर टाकून ठेवली होती. मला शिकवू लागली. टोक असं धर, काठाला, बोटं वर. समोरचीकडे बघू नकोस, चादरीकडे बघ. रोलरने पकडली की लगेच सोड, सुरकुती दिसली तरी सोड, सरळ करायला हात पुढे न्यायचा नाही. माझं बोट त्या सुरकुतीपायीच गेलं. आणि बोलायचं नाही. बोलताना लक्ष जातं.

हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. की मी विचारलं नव्हतं, कोण जाणे. माझ्या कोणत्याही भाषणात सुरकुती नव्हती.

बुधवार, १९ मार्च

घेतलं मला. फाटकावर एकाने हात पुढे करायला सांगितले. केले. इतका अपमान माझा कुणी भर सभेतही केला नव्हता, आणि मी गप्प उभी होते. त्याने पालथे बघितले, उलटे करून बघितले. तोंडाकडे त्याने पाहिलंच नाही. माझा फोटो किती वेळा छापून आला असेल, पण तो कुणाला हवा आहे? आत घ्या हिला, म्हणाला, हात नवे आहेत.

दिवसभर रोलरवर होते. वाफेने डोळे उघडत नाहीत. समोरची मुलगी माझ्यापेक्षा निम्म्या वयाची, माझ्यामुळे तिची लय चुकत होती आणि ती मला शिव्या घालत होती. मी एकाही शिवीला उत्तर दिलं नाही. राग मात्र असा आहे की या खोलीच्या भिंती फोडून बाहेर जाईल. कुणावर आहे ते नीट लिहिता येत नाही. अक्षरही नीट येत नाही, बोटं सुजली आहेत.

धाकटीने गरम पाण्याचं पातेलं आणून माझे हात त्यात बुडवून ठेवले. एकेक बोट दाबून पाहिलं. मग विचारलं, तिथे रोलरला दांडी आहे का?

नाही, म्हटलं.

तिने माझी बोटं पुन्हा पाण्याखाली दाबली.

"उद्या जाऊ नकोस," ती म्हणाली.

मी म्हटलं, जाईन. खायचं काय? ती पाणी बदलायला उठली.

सात वर्षं ती रोज सकाळी डबा घेऊन या दारातून निघत होती. बोट गेल्यावरही, पट्टी सुटायच्या आधीच निघाली होती. मी तेव्हा इथेच, या टेबलाशी बसलेली असायचे, मालकांविरुद्ध काहीतरी जळजळीत लिहीत. हे तीन शब्दांचं वाक्य मला एकदाही सुचलं नाही.